मेन स्विचवर हात

मानवतची एक जुनी टॉकीज बंद पडली तेव्हा तिच्या पडद्यामागचे दोन स्पीकर माझ्या भावाने विकत घेतले. त्याच्या घरात ते मावेनात. मग एका रविवारी टेम्पोत घालून त्याने ते परभणीला माझ्या दारात आणून उतरवले. माझ्या खांद्याला लागतील एवढी लाकडी खोकी आणि त्यांच्या वर ॲल्युमिनियमचे कर्णे. "तू पोरायला फिजिक्स शिकवतीस ना," भाऊ म्हणाला, "मग वाजवून दाखव आता."

मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. हातात सोल्डरिंग आयर्न मी शाळेत असल्यापासून आहे, त्यामुळे भावाचं बोलणं मला आव्हान वाटलं नाही, सोय वाटली. उन्हाळ्याची सुट्टी तोंडावर होती. नवरा शेती खात्यात असल्यामुळे दिवसभर गंगाखेड, राणीसावरगाव अशा दौऱ्यांवर असायचा. दुपारचं घर माझं होतं.

ॲम्प्लिफायर मी आठवडाभरात उभा केला. पण स्पीकर जोडले आणि गाण्याऐवजी ऐकू आली ती नुसती घरघर. टॉकीजचे स्पीकर फार तिखट कानाचे. हजार माणसांना ऐकू जावं म्हणून बनवलेले, त्यामुळे थोड्याशा पॉवरवर मोठा आवाज देतात, आणि त्याच न्यायाने विजेतली बारीकशी घरघरही मोठी करून सांगतात. त्यातून आमच्या गल्लीतली वीज. दुपारी सगळ्यांचे कूलर चालू झाले की एकशे ऐंशी व्होल्टपर्यंत उतरायची, पहाटे अडीचशेच्या वर चढायची. तिच्याबरोबर माझ्या ॲम्प्लिफायरचा आवाजही खालीवर होत होता. तेव्हा ठरवलं, बाहेर काहीही होवो, आत तीस व्होल्ट म्हणजे तीसच व्होल्ट मिळतील असा पॉवर सप्लाय बनवायचा. रेग्युलेटेड.

कागदावर हे सोपं वाटतं. ट्रान्सफॉर्मरने गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज द्यायचं, मोठ्या कपॅसिटरमध्ये ते साठवायचं आणि पुढे एका दणकट ट्रान्झिस्टरने त्यातलं हवं तेवढंच सोडायचं. उरलेलं तो उष्णतेत जाळून टाकतो. अडचण एकच. वीज एकशे ऐंशीवर उतरली तरी पुरेल असा ट्रान्सफॉर्मर घेतला, तर ती अडीचशेवर गेल्यावर ट्रान्झिस्टरला फार जाळावं लागतं. खालच्या टोकाची काळजी घेतली की वरचं टोक भाजतं. मी बरेच दिवस त्या दोन टोकांच्या मध्ये अडकून होते. शेवटी बाजारातल्या एका वाइंडिंगच्या दुकानातून ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतला, ट्रान्झिस्टरच्या मागे ॲल्युमिनियमचे जाड पत्रे लावले आणि त्रेसष्ट व्होल्टचे कपॅसिटर निवडले. हिशोब करताना लक्षात आलं होतं की बाहेरची वीज दोनशे नव्वदच्या पुढे गेली तर हे कपॅसिटर टिकणार नाहीत. पण घरात दोनशे नव्वद कशाला येतील, असं म्हणून मी ती शक्यता सोडून दिली.

आमच्या शेजारी भिंतीला भिंत लागून एक काका-काकू राहतात. काका कोर्टातून निवृत्त झालेले. मुलगी लग्न होऊन नांदेडला. काकूंची फुफ्फुसं आदल्या वर्षी अशी खराब झाली की डॉक्टरांनी घरीच ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं. हे मशीन सिलिंडरसारखं नसतं. ते खोलीतली हवा ओढून त्यातला ऑक्सिजन वेगळा काढतं, आणि त्याला सतत वीज लागते. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला कान लावला तर त्याचा धापा टाकल्यासारखा आवाज यायचा.

आणि आमचं काकांशी बोलणं बंद होतं.

कारण तेच ते पत्रे. त्यांना भोकं पाडायला मी दुपारी ड्रिल चालवलं, त्याच्यावर कडी म्हणून स्पीकरचा तो घूं आवाज. काकूंना रात्री झोप लागायची नाही, दुपारीच काय ती थोडी लागायची. काका फाटकाशी आले आणि म्हणाले, "मॅडम, तुमी सुशिक्षित माणसं. जरा आजारी माणसाचा विचार करावा की न्हाई?" तिथवर ठीक होतं. ड्रिल मी लगेच बंद केलं असतं. पण पुढे ते म्हणाले, "आणि तुमच्या या खटपटीनं आमची लाइट कमीजास्त व्हायलीय. मशीनला काही झालं तर?" मला राग आला. माझ्या टेबलावरच्या एका छोट्या सप्लायने सगळ्या गल्लीची वीज हलत नसते, हे मी त्यांना वर्गात शिकवावं तसं शिकवलं. दोन्ही घरांच्या खिडक्या उघड्या होत्या. ते ऐकून घेऊन गेले. त्यानंतर समोरासमोर आलो तरी ते दुसरीकडे बघायचे आणि मी चपलेकडे.

ड्रिल मी नंतर कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेऊन चालवलं, हे त्यांना कधी सांगितलं नाही.

सप्लाय तयार झाला, पण मनासारखा वागेना. त्याच्यावर मी ॲम्प्लिफायर अजून जोडला नव्हता. त्याऐवजी एक जाड तारेचा रेझिस्टर लावून बघत होते. बाहेरची वीज दाखवायला प्लगमध्ये खोचायचा एक स्वस्तातला डिजिटल मीटर होता आणि आतले तीस व्होल्ट बघायला मल्टिमीटर. आतला आकडा मधूनच शहारल्यासारखा हलायचा आणि पुन्हा स्थिर व्हायचा. मी माझ्या रचनेवर संशय घेतला. ट्रान्झिस्टर बदलला, वायरी छोट्या केल्या, सगळे सांधे सोल्डरने पुन्हा डाखले. बाहेरचा आकडाही कधीकधी उडी मारायचा, दोनशे दहावरून दोनशे चाळीस आणि परत दोनशे. मला वाटलं, स्वस्तातला मीटर आहे, चालायचंच. मी आतच दोष शोधत राहिले.

ती दुपार एप्रिलच्या शेवटाची. ऊन असं होतं की गल्लीत कुत्रंही नव्हतं. मी सप्लाय चालू करून पत्र्यांवर बोट ठेवून ते किती तापतायत ते बघत होते. मागे कूलर चालू होता. एकदम कूलरचा आवाज चढला. पंख्याला कुणीतरी ढकलल्यासारखा. मी मीटरकडे पाहिलं. दोनशे एकावन्न. दुपारी, सगळ्यांचे कूलर चालू असताना, दोनशे एकावन्न. मग दोनशे अठ्ठावीस. मग दोनशे चौऱ्याहत्तर.

आकडा खाली आला की मला हायसं वाटायचं आणि लगेच तो आधीपेक्षा वर जायचा. समोरच्या घराच्या ओट्यावरचा बल्ब दिवसाही जळत राहायचा. मी खिडकीतून बघितलं तर तो पांढराफटक पेटला होता. त्याच्या पलीकडच्या घरातली ट्यूब मात्र लुकलुकत होती, पेटायचं नावच घेत नव्हती. एका घरात जास्त, दुसऱ्यात कमी. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. खांबावरून तीन फेजच्या तारा येतात आणि त्यांचा तोल सांभाळायला चौथी, न्यूट्रलची. ती चौथी सुटली की तोल जातो. ज्या फेजवर भार कमी, त्या फेजवरच्या घरांत वीज चढत जाते, तीनशे, साडेतीनशे, त्याहूनही जास्त. गेले कित्येक दिवस तो सांधा सुटत आला होता आणि मी माझे सांधे डाखत बसले होते.

मीटरवर दोनशे नव्वद आले.

मी धावले. स्वतःच्या घरातलं काही बंद न करता धावले, कारण भिंतीपलीकडच्या मशीनचा आवाजही कूलरसारखाच चढलेला मला आता कान न लावताही ऐकू येत होता. त्यांची आणि आमची वायर एकाच खांबावरून, एकाच फेजवरून येते. काकांचं फाटक ढकललं. त्यांचा मेन स्विच व्हरांड्यातच आहे, विजेच्या मीटरखाली. मी हाक मारली नाही, विचारलं नाही. स्विच खाली ओढला.

आतलं मशीन थांबलं आणि त्याचा भोंगा वाजायला लागला. वीज गेली की ते असं ओरडतं. काका बनियनवरच बाहेर आले.

"तुमी? काय केलंत तुमी?"

"काका, खांबावरचा न्यूट्रल गेलाय. वीज तीनशेला टेकलीय. मशीन जळेल."

"आगं बाई, ती मशीनवर हाय. बंद काय करता? बाजूला व्हा."

"सिलिंडर लावा. तुमच्याकडं सिलिंडर आहे ना?"

"बाजूला व्हा म्हणतो ना मी."

त्यांनी स्विचकडे हात नेला. मी मध्ये उभी राहिले आणि स्विचवर तळवा दाबून धरला. सत्तरी ओलांडलेला माणूस, कधी मोठ्याने बोलत नाही म्हणून गल्लीत प्रसिद्ध. त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांच्या हाताला घाम होता आणि पकड विलक्षण घट्ट होती.

"तुमच्या त्या यंत्रानंच केलं असेल हे," ते म्हणाले. "मी तवाच सांगितलं होतं. आता नाहक तिचा जीव घेता का?"

आतून काकूंचा खोकला आला. मग खोकलाही थांबला आणि नुसता श्वास ओढल्याचा आवाज येत राहिला, मधूनमधून भोंगा.

मी आजवर कुठल्याच वर्गात, कुठल्याच परीक्षेत इतक्या खात्रीने उभी राहिले नव्हते आणि इतकी घाबरलेही नव्हते. खात्री कशाची, तर एका स्वस्त मीटरवरच्या आकड्याची, ज्याला मी सकाळपर्यंत खोटा समजत होते. तो खरंच खोटा असला तर? माझ्याच सप्लायमध्ये काही बिघडून त्याने मीटरला फसवलं असलं तर? मग मी एका धडधाकट चालणाऱ्या मशीनपासून एका बाईला तोडून तिच्या नवऱ्याशी झोंबाझोंबी करत होते. तळहाताखाली स्विचचा खटका बोचत होता. तो वर सरकवायला मला काहीच जोर लागला नसता.

"काका," मी म्हटलं, "समोरचा बल्ब बघा. फक्त बघा. मग मी बाजूला होते."

त्यांनी मान वळवली. बघितलं की नाही, मला अजून माहीत नाही. त्याच क्षणी समोरच्या घरात फट् असा आवाज झाला, जाडजूड फटाक्याचा व्हावा तसा, आणि खिडकीतून काळपट धूर बाहेर आला. त्यांचा टीव्ही गेला होता. त्या घरातली सून "अगं आई" म्हणत ओट्यावर आली. मी तिथूनच ओरडले, "मेन बंद करा. सगळ्यांनी मेन बंद करा." तिने ऐकलं. पुढे गल्लीत एक दुसऱ्याला सांगत गेला.

माझ्या मनगटावरचा हात सुटला.

काका आत पळाले, मी त्यांच्या मागे. सिलिंडर कोपऱ्यात होता, त्यावर फुलाफुलांचं कापड घातलेलं. तो उघडायची किल्ली खिडकीच्या गजाला बांधलेली. काकांनी ती सोडवली पण ती चौकोनी टोकावर त्यांना बसवता येईना. एकदा खाली पडली, फरशीवर वाजली. "द्या," मी म्हटलं, आणि त्यांनी दिली. मी किल्ली बसवली, जोर लावला, पण वॉल्व्ह हलेना. पदर किल्लीभोवती गुंडाळून पुन्हा लावला. तेव्हा तो कुरकुरला आणि सुस्स झालं. काकांनी मशीनची नळी काढून सिलिंडरला जोडली. ते काम मात्र त्यांच्या हातांनी बरोबर केलं. रोजची सवय असावी.

काकू उशीला टेकून बसल्या होत्या. ओठ निळसर. डोळे आमच्या दोघांवर, एकदा काकांकडे, एकदा माझ्याकडे. बोटाला लावलेल्या, रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या चिमट्यावरचा आकडा ऐंशीच्या खाली होता. काका पलंगाच्या कडेला बसून त्यांची पाठ चोळत होते आणि म्हणत होते, "हळू. हळू. नाकानं घे." मी त्या चिमट्याकडे बघत उभी राहिले. तो आकडा वर चढायला हवा होता, आणि मघाशी माझ्या घरातला वर चढू नये म्हणून मी जीव मुठीत धरून बघत होते. तो हळूहळू चढला. पंचाऐंशी झाले तेव्हा मी पहिल्यांदा खाली बसले, दारातच, उंबऱ्यावर.

वायरमन यायला बराच वेळ लागला. तोवर गल्लीत वीज नव्हती, कूलर नव्हते. काका एका हाताने काकूंना पुठ्ठ्याने वारा घालत होते आणि दुसऱ्या हाताने सिलिंडरवरचा काटा परत परत चाचपत होते. काटा अर्ध्यावर होता. मी दुसऱ्या सिलिंडरसाठी दुकानात फोन केला, मिळाला, रिक्षात घालून पाठवतो म्हणाले. आम्ही दोघे एकमेकांशी फक्त कामापुरतं बोललो. पाणी द्या. ती चादर घ्या. रिक्षा आली बघा.

वायरमन शिडी लावून खांबावर चढला, बराच वेळ काहीतरी कुरतडल्यासारखं करत होता. खाली उतरून म्हणाला, "न्यूट्रलचा सांधा पार जळून कोळसा झाला हो. उन्हाळ्याचा लोड लय आलाय. चार घरचे टीव्ही, एक फ्रिज गेला म्हणायलेत." काका फाटकात उभे होते. त्यांनी ते ऐकलं आणि आत गेले.

संध्याकाळी मी घरी आले तेव्हा खोलीत करपट, आंबूस वास भरला होता. गल्लीतल्या कुणीतरी माझा मेन बंद केला होता, पण उशिरा. एका कपॅसिटरचं टोपण उडून भिंतीला लागलेलं. त्याच्या पोटातला ओलसर कागद टेबलभर, मीटरवर, पडद्यावर. दणकट ट्रान्झिस्टर आतून सपशेल शॉर्ट झालेला, म्हणजे येणाऱ्या विजेला अडवायच्या ऐवजी त्याने मोकळी वाट दिली होती. रेझिस्टर काळा पडला होता. त्या जागी ॲम्प्लिफायर असता तर तो आणि त्याच्याबरोबर भावाचे स्पीकरही गेले असते. नवरा दौऱ्यावरून आला, सगळं ऐकलं, माझ्या मनगटावर उठलेले वळ बघितले आणि टेबल पुसायला लागला.

मी सप्लाय पुन्हा आखला. या वेळी वरच्या टोकापासून. आधी बाहेरची वीज मोजायची, ती ठरावीक मर्यादेच्या पलीकडे गेली की एका रिलेने सगळं तोडून टाकायचं, आणि ती खाली येऊन थोडा वेळ शांत राहिली तरच पुन्हा जोडायचं. तीस व्होल्टचं नंतर बघू. हे सगळं टेबलावर पसरलेलं असताना एक दिवस काका आले. फाटकाशी थांबले नाहीत, आत आले. रिलेचा टकटक आवाज त्यांनी ऐकला, मी काय ते सांगितलं.

"आमच्या मशीनलाबी असंच बसवून द्या मग," ते म्हणाले.

मी नाही म्हटलं.

त्यांचा चेहरा उतरला. "भांडण मनात धरलं का?"

"नाही काका. हे मी घरी डाखलेलं आहे. एखादा सांधा माझाही सुटू शकतो. गाणं बंद पडलं तर पडलं. काकूंच्या मशीनपुढं मी हे लावणार नाही. मी तुम्हाला कंपनीचं, गॅरंटीचं आणून देते. बसवायला येते."

"तुमच्यावर इस्वास हाय माझा."

"माझा नाही," मी म्हटलं.

ते वळले आणि फाटक लावून गेले. राग आला होता की पटलं होतं, कळेना. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून वीज चढली की मशीन तोडणारा तयार कट-ऑफ आणला आणि वायरमनकडून बसवून घेतला. काकांनी त्याला चहा दिला, मलाही दिला. त्यांच्या इनव्हर्टरची बॅटरी जुनी होऊन बंद पडली होती, तीही त्यांनी बदलली.

त्या दिवशी काकू पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलल्या. नळी नाकात, एका वाक्यात दोनदा थांबत. मी त्यांच्याजवळ बसले होते.

"त्या दिवशी," त्या म्हणाल्या, "मला समदं ऐकू यायलं होतं. तुमच्या दोघांचं."



"माझ्या डोक्यावरचा पंखा. कवाधरनं गरागरा फिरत होता. मी तवाच वळखलं, लाइटीचं काहीतरी बिघडलंय." त्या थांबल्या, श्वास घेतला. "मी हात करून सांगायले की माय, सिलिंडर लावा, सिलिंडर. दारातनं दिसायले तुमी दोघं, हे तिकडं, तू तिकडं. कुणी बघंचना माझ्याकडं."

काका दारात कपबशा घेऊन उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी त्यांच्याकडे. आम्ही दोघांनीही त्या दुपारी खोलीत गेल्यावर पाहिलं होतं ते निळे ओठ आणि चिमट्यावरचा आकडा. तो वर उचललेला हात मला आठवेना. कितीही आठवलं तरी आठवेना.

"आता पुन्हा असं झालं तर," काकू म्हणाल्या, "आधी मला इचारा."

काका "हो" म्हणाले. मग आत जाऊन त्यांनी एक पितळी घंटी शोधून आणली, पुसली आणि काकूंच्या उशीशी, हाताला लागेल अशी ठेवली. काकूंनी ती लगेच एकदा वाजवून पाहिली.